दूध कोणाच्या ताब्यात?

मी विमानात एकट्याने बसायला कोणाची हरकत नव्हती. पण कोणाला बरोबर न्यायचं असेल, तर आधी एकट्याने जाऊन यायला हवं होतं. हे मी ज्याला ज्याला सांगितलं त्याला वाटलं, म्हातारा काहीतरी घोळ घालतोय. घोळ माझा नाही, नियमाचा आहे. गेल्या तीन महिन्यांत ज्याने तीनदा विमान वर नेऊन तीनदा नीट खाली आणलेलं नाही, त्याने दुसऱ्या जिवाला शेजारी बसवू नये, असा नियम आहे. नियम चांगला आहे. मीच तो आयुष्यभर पोरांना दरडावून शिकवला. फक्त तो एक दिवस माझ्यावरच उलटेल असं वाटलं नव्हतं.

मी फ्लाइंग क्लबात विमान चालवायला शिकवतो. लहान विमानं, दोन खुर्च्या, नाकावर एक पंखा. इमारतीतले लोक मला कॅप्टन म्हणतात आणि त्यांचं कुठलंही विमान उशिरा सुटलं की मला जिन्यात गाठून जाब विचारतात. तर शिकवण्याचा परवाना वेगळा असतो आणि तो ठरावीक काळाने नवा करून घ्यावा लागतो. माझा या महिनाअखेर संपत होता. एकदा संपला की पुन्हा श्रीगणेशा, नातवंडांच्या वयाच्या पोरांबरोबर बाकावर बसून, विमान मुळात उडतं कसं इथपासून. या वयात ते कोणी करत नाही. म्हणजे परवाना गेला की कॅप्टन गेला, आणि मागे राहणार दुसऱ्या मजल्यावरचा एक एकटा म्हातारा. त्याला कोणी जिन्यात गाठून जाबसुद्धा विचारणार नव्हतं.

परवाना नवा करण्याची रीत अशी, की एक निरीक्षक येऊन विमानात डाव्या खुर्चीत बसतो. डावी खुर्ची शिकणाऱ्याची, उजवी शिकवणाऱ्याची. निरीक्षक ढ विद्यार्थ्याचं सोंग आणतो, मुद्दाम नको ते करतो, आणि आपण न ओरडता त्याला शिकवायचं. पण निरीक्षक झाला तरी दुसरा जीवच तो. त्याला शेजारी बसवायचं तर आधी माझ्या तीन फेऱ्या व्हायला हव्यात. आणि मी विमानाला हात लावून बरेच महिने झाले होते. आधी बायकोचं दुखणं, मग ती गेली, मग नुसतंच घरात बसणं.

"बाबा, सोडा ना आता," मुलगा फोनवर म्हणाला. तो परदेशात असतो.

"अरे, परवाना संपेल."

"संपू दे की. तसंही सध्या तुम्ही कुठे शिकवताय?"

तो फोन करतो तेव्हा त्याच्याकडे नेहमी काहीतरी शिजत असतं. मागे झाकणं वाजतात, सून कोणाला तरी हाक मारते, कोणीतरी कोणाचं तरी काहीतरी हिसकावून घेतं. त्याने ठेवल्यावरही मी फोन थोडा वेळ कानाला तसाच धरून ठेवतो. उगाच.

आता आमच्या घरातल्या एका चालीबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. जिथे चालवणारे दोघं असतात, त्या विमानाला सगळ्यात मोठा धोका वादळाचा नसतो. तो असतो 'मला वाटलं तू धरलंयस' याचा. म्हणून विमान हवाली करताना देणाऱ्याने म्हणायचं, "विमान तुझ्या ताब्यात." घेणाऱ्याने म्हणायचं, "विमान माझ्या ताब्यात." आणि हे उत्तर स्वतःच्या कानांनी ऐकल्याशिवाय देणाऱ्याने हात सोडायचा नाही. लग्न झालं त्या वर्षी आमच्याकडे दूध वरचेवर उतू जायचं. तिला वाटायचं मी बघतोय, मला वाटायचं ती. शेवटी ही चाल मी स्वयंपाकघरात आणली. "अहो, दूध तुमच्या ताब्यात." "दूध माझ्या ताब्यात." मग खुशाल बाहेर जा. पुढे मुलगा झाला, तोही न्हाऊमाखू घालून, टॉवेलात गुंडाळून असाच ताब्यात दिला-घेतला जायचा. किल्ल्या, उघडं दार, लाइटबिल, सगळं. एकदा तर आपल्या आत्याबाई रीतसर माझ्या ताब्यात देऊन ती निवांत झोपायला गेली होती.

परवान्याची वेळ आली की तीच माझी विद्यार्थिनी. जेवणाच्या टेबलाशी दोन खुर्च्या शेजारी शेजारी मांडायच्या, ती डावीकडे, मी उजवीकडे. तिच्या एका हातात पातेल्याचं झाकण, ते सुकाणू. दुसऱ्या हातात चमचा. मी धडा म्हणायला लागायचो आणि माझा आवाज जरा चढला की ती चमच्याने झाकणावर टण्णकन वाजवायची.

"ओरडलात."

"ओरडलो नाही. समजावलं."

टण्ण.

खऱ्या विमानात मात्र ती एकदाही बसली नाही. "मला टेबलावरचंच बरं," म्हणायची. "इथून पडलं तरी फार लागत नाही." मी खूप मागे लागलो, पण तिने ऐकलं नाही.

तिच्यामागे आमच्याकडे दूध रोज उतू जातं. मी ओट्यापाशीच उभा असतो, डोळ्यांदेखत ते वर येतं, आणि तरी जातं. त्या करपलेल्या वासाची तक्रार घेऊन एका सकाळी इमारतीचे सेक्रेटरी दारात आले. मला नेमकी सरावाला डावीकडे बसणाऱ्या माणसाची गरज होती. मी त्यांना आत घेतलं, बसवलं आणि हातात झाकण दिलं. माणूस हौशी. त्यांनी आधी ते झाकण दोन्ही बाजूंनी पाहिलं, मग विचारलं, "हॉर्न कुठेय?"

"विमानाला हॉर्न नसतो."

"मग समोरून कोणी आलं तर?"

मी धडा सुरू केला. वळताना पाय कसा हलका ठेवायचा ते सांगू लागलो. सेक्रेटरींचे पाय सभेत बसल्यासारखे एकावर एक. मी म्हटलं, पाय खाली. ते म्हणाले, आधी कारण सांगा. मी कारण सांगितलं. ते म्हणाले, हे पटत नाही. चमचा टेबलावर तसाच पडून होता, वाजवायला कोणी नव्हतं, त्यामुळे माझा आवाज कुठवर चढला ते मला कळलंच नाही. "पाय! अहो, पाय!" एवढं मला आठवतं. सेक्रेटरी झाकण ठेवून उठले आणि तक्रार न सांगताच गेले. संध्याकाळी खाली फळ्यावर सूचना लागली: 'काही रहिवासी सकाळी मोठमोठ्याने पाय पाय असे ओरडतात. ते त्वरित थांबवावे.' नाव नव्हतं, पण पाय कोणाचे हे साऱ्या इमारतीला ठाऊक होतं.

तळमजल्यावरच्या काकूंनी ती सूचना वाचून मला थांबवलं. काकू प्रेमळ, पण सल्ला दिल्याशिवाय त्यांच्या दारावरून वारासुद्धा पुढे जात नाही.

"कॅप्टन, मी सांगू का? परवाना-बिरवाना सोडा. कुत्रा पाळा."

"कुत्र्याचं काय करू?"

"फिरवायचा. तुम्हाला सवय आहे ना, कोणाला तरी घेऊन चकरा मारायची."

मी हसलो. घरी जाऊन थोडा वेळ कुत्र्याचा विचारही केला, कबूल करायला हरकत नाही. मग तो डाव्या खुर्चीवर चढून बसेल हे लक्षात आलं आणि विचार सोडून दिला.

तर एकट्याने फेऱ्या मारायचा दिवस उजाडला. हवा स्वच्छ होती. इंधन भरणारा माणूस शिडी घेऊन पंखावर वाकला होता, मी विमानाभोवती फिरून सगळं तपासलं. एकट्याने उडताना रिकाम्या खुर्चीचा पट्टा बांधून ठेवावा लागतो, नाहीतर तो लोंबकळून सुकाणूच्या दांड्यात अडकतो. मी डाव्या खुर्चीचा पट्टा बांधला आणि घट्ट बसलाय ना म्हणून वरून थापटला. मग फिरून उजवीकडे जाऊन बसलो. एकटा माणूस डावीकडे बसतो, हे मला कोणी शिकवायला नको. पण इतकी वर्षं उजवीकडे बसलेलं शरीर आपोआप तिकडेच गेलं. बसल्यावर लक्षात आलं, म्हटलं, आता कोण उठतंय.

आणि वर गेल्यावर मी बोलायला लागलो. शिकवणारा माणूस विमानात गप्प बसूच शकत नाही, त्याचं तोंड इंजिनाला जोडलेलं असतं. "हं, आता नाक किंचित खाली. बघ, क्षितिज कुठे आलं? बरोबर. अगं, पाय हलका ठेव. घाबरायचं काय त्यात?" असं सगळं. पहिली फेरी झाली, दुसरी झाली. कंट्रोल टॉवरवरून मला कोणी काही विचारत नव्हतं, म्हणून मी मनात म्हटलं, आज रहदारी कमी दिसतेय. तिसऱ्यांदा उतरताना टॉवरमधून दिवा लुकलुकला. म्हटलं, परवानगी दिली, छान. उतरलो आणि धावपट्टीवरून हळूहळू बाहेर आलो, तर अर्धा क्लब बाहेर येऊन उभा होता.

टॉवरवरची मुलगी धावतच आली. "सर, तुमचं बटण अडकलंय!"

बोलायचं बटण. ते पहिल्या फेरीपासून दाबलेलंच होतं. म्हणजे माझा अख्खा धडा, सगळ्या 'अगं'सकट, टॉवर, क्लब आणि आकाशात खोळंबलेली दोन विमानं यांनी ऐकला होता. बटण अडकलं की बाकीच्या कोणालाच बोलता येत नाही. त्या दोघांना मुकाट्याने ऐकण्यावाचून गत्यंतर नव्हतं. त्यांच्यातला एक नंतर खाली उतरून मला म्हणाला, "सर, आज माझा पाय फार हलका पडला." माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण मी हसल्यासारखं केलं.

इथवर नुसती शोभा झाली होती. संकट पुढच्या आठवड्यात आलं. निरीक्षकांच्या कार्यालयातून बोलावणं आलं: तीन एकट्या फेऱ्या पूर्ण होण्याआधीच मी विमानात प्रवासी बसवल्याचा संशय होता. टॉवरच्या टेपवर मी एका बाईशी बोलत होतो. शिवाय, मी डाव्या खुर्चीत कोणाला तरी पट्टा बांधून वरून प्रेमाने थापटल्याचं इंधन भरणाऱ्या माणसाने पाहिलं होतं. आणि टॉवरवरच्या मुलीने लिहून दिलं होतं, की डाव्या खुर्चीत, म्हणजे चालकाच्या जागी, कोणीच नव्हतं आणि त्यामुळे तिला घाम फुटला.

निरीक्षक माझ्या मुलापेक्षाही थोडे लहान असतील. खोली लहान, टेबल मोठं, टेबलावर टेपचं यंत्र. चेहरा असा, की चहा घेणार का हेही ते आरोपासारखं विचारत.

"विमानात कोण होतं?"

"कोणी नव्हतं."

"मग बोलत कोणाशी होतात?"

आता आली का पंचाईत. कोणीतरी होतं म्हणालो, तर नियम मोडला, परवाना गेला. कोणी नव्हतं आणि तरी गप्पा मारत होतो म्हणालो, तर डॉक्टरकडे रवानगी, आणि डोक्याच्या डॉक्टरकडून आलेल्या म्हाताऱ्याला कोणी विमान देत नाही. मी म्हणालो, "सराव करत होतो. परीक्षेचा."

"परीक्षेच्या विद्यार्थ्याला तुम्ही 'अगं' म्हणता?"

त्यांनी यंत्र सुरू केलं. स्वतःचा आवाज ऐकणं तसंही वाईटच, त्यात हा. टेपवर मी प्रश्न विचारत होतो आणि थांबत होतो. उत्तर यायला लागेल तितकाच थांबत होतो, मग "हं, शाबास" म्हणत होतो. एके ठिकाणी आवाज चढला, आणि मग मी एकदम थांबून म्हणालो, "बरं, बरं. ओरडत नाही." त्या खोलीत ते ऐकताना मला कुठे बघावं ते कळेना. खिडकीबाहेर एक माणूस गाडी पुसत होता, मी त्याच्याकडे बघत बसलो.

"माझी बायको बसायची त्या जागी," मी शेवटी सांगून टाकलं. "विमानात नाही. घरी, जेवणाच्या टेबलाशी. दर परवान्याला ती सराव करून घ्यायची. आता ती नाही. डॉक्टरकडे पाठवायचं असेल तर पाठवा, पण विमानात कोणी नव्हतं. कोणी असतं तर बरं झालं असतं."

टेप चालूच होती. तिसरी फेरी झाली होती, चाकं जमिनीला लागली होती, आणि माझा आवाज म्हणत होता, "छान. आता विमान तुझ्या ताब्यात." मग नुसती इंजिनाची घरघर. बराच वेळ. निरीक्षक पुढे वाकले.

"इथे काय झालं?"

"काही नाही. उत्तर आलं नाही."

"मग?"

"मग काय? सोडलं नाही. मीच चालवत आणलं. उत्तर आल्याशिवाय हात सोडायचा नसतो."

त्यांनी यंत्र बंद केलं. "गेल्या महिन्यात एका शिकवणाऱ्याने उत्तर न ऐकताच सोडलं," ते म्हणाले. "चाक मोडलं. नशीब, तेवढंच मोडलं." मग फाइल मिटली. "डॉक्टरची गरज वाटत नाही. परीक्षेला मीच येतो. आणि ते बटण दुरुस्त करून घ्या."

परीक्षेच्या दिवशी हवा जरा बिघडलेली होती. निरीक्षक डाव्या खुर्चीत बसले आणि बसल्याक्षणी इतके ढ झाले, की मला त्यांच्या अभिनयाचं कौतुक वाटलं. पट्टा उलटा लावला. कुठलीही काचेची तबकडी दिसली की हे काय, ते काय. वर गेल्यावर वळताना दोन्ही पाय गच्च दाबून बसले. माझ्या घशात 'पाय!' आला होता. मी तो गिळला. "पाय हलका ठेवा," मी म्हणालो, "घाबरायचं काही नाही." टण्ण झालं नाही. आवाज बरोबर लागला होता, आणि हे सांगायला शेजारी कोणी नव्हतं.

धडा संपत आला. उतरण्यासाठी धावपट्टीकडे वळलो. वाऱ्याने विमान एका अंगाला ढकललं, आणि निरीक्षकांनी अगदी ऐन वेळी विद्यार्थी घाबरतो तसं केलं. माझ्याकडे वळून म्हणाले, "सर, मला नाही जमत. विमान तुमच्या ताब्यात."

माझे हात दांड्यावर होते. उत्तर सोपं होतं. ते मी हजारदा दिलेलं होतं. पण तोंडातून शब्द फुटेना.

कारण हे वाक्य मला शेवटचं कोणी म्हटलं होतं, ते एकदम आठवलं. हॉस्पिटलात, दुपारची वेळ, खिडकीचा पडदा अर्धा ओढलेला. तिने डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं आणि अगदी नेहमीच्या, दूध ठेवून बाहेर निघालेल्या आवाजात म्हणाली, "अहो, घर तुमच्या ताब्यात." मी तिचं पांघरूण सारखं केलं. पाणी हवंय का विचारलं. उगाच काहीबाही बोलत बसलो, पण उत्तर दिलं नाही. मला वाटलं, उत्तर आलं नाही तर तिला हात सोडता येणार नाही. इतकी वर्षं तिने एकदाही उत्तर ऐकल्याशिवाय सोडलं नव्हतं, दूधसुद्धा नाही. तेवढ्या एका नियमाच्या भरवशावर मी तिथे बसलो होतो. संध्याकाळपर्यंत ती गेली.

"सर," निरीक्षकांचा आवाज आला. विद्यार्थ्याचा नव्हे, त्यांचा स्वतःचा. धावपट्टी वर येत होती. त्यांनी हात सोडले नव्हते. माझ्या उत्तरासाठी ते थांबले होते.

"माझ्या ताब्यात," मी म्हणालो. आवाज चिरकला. घसा साफ करून पुन्हा म्हणालो, "विमान माझ्या ताब्यात."

त्यांनी हात सोडले. वाऱ्याने दोनदा ढकलून पाहिलं, पण विमान मी नीट खाली आणलं.

सही करताना निरीक्षक म्हणाले, "पास आहात. पण उत्तराला उशीर झाला."

"हो," मी म्हणालो, "फारच झाला."

घरी आलो तर जिन्यात सेक्रेटरींनी गाठलं. त्यांच्या मेव्हण्याचं विमान चार तास रखडलं होतं, त्याचं काय ते मी आत्ताच्या आत्ता सांगावं असं त्यांचं म्हणणं होतं. मी इतका मन लावून ऐकत राहिलो, की शेवटी तेच बावचळून वर निघून गेले.

मी दूध तापत ठेवलं. दोन खुर्च्या अजून शेजारी शेजारीच होत्या, डावीवर झाकण आणि चमचा. स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून मी त्या खुर्चीकडे पाहिलं. लाज वाटत होती, घरात कोणी नसतानाही. मग मोठ्याने म्हणालो, "घर माझ्या ताब्यात." उत्तर दिल्यावर घेणाऱ्याने थांबायचं नसतं, कामाला लागायचं असतं. पण मी थोडा वेळ थांबलो.

तेवढ्यात मागे दूध उतू गेलं. मी धावत जाऊन गॅस बंद केला. सगळा ओटा भरला होता, करपल्याचा वास वरच्या मजल्यापर्यंत जाणार हे नक्की होतं. मी फडकं घेतलं आणि पुसायला लागलो. दूध माझ्या ताब्यातलं होतं.